माथेरानच्या वाटेवर आई

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या कुटुंबाचा स्नेहमेळावा माथेरानला भरला. सात वर्षांच्या नातीपासून ७९ वर्षांच्या आईपर्यंत आम्ही सतरा जण होतो. स्थळ मीच सुचवले होते. एरवी अशा सहलीत तरुण मंडळी डोंगर पाहून येतात आणि ज्येष्ठ हॉटेलच्या व्हरांड्यात सामानाची राखण करतात. ते मला टाळायचे होते. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर, त्यामुळे विरळ हवेचा प्रश्न नाही. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता मोटारगाड्यांना बंदी. नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे पायी, घोड्यावर, रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीने. जेथे बहुतेकांना चालावेच लागते, तेथे हळू चालणाऱ्याला मागे पडल्याचे दुःख होत नाही, असा माझा हिशोब होता.

तयारीही चोख केली. लाल मातीची धूळ उडते म्हणून दमेकरी मामांचा इनहेलर आणि मास्क, सगळ्यांच्या गोळ्या, रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर. डॉक्टर घरात असल्याचा थोडा अभिमानही त्या पिशवीत भरला होता, हे मान्य करतो.

पहाटे निघालो, दुपारी पोहोचलो, जेवलो आणि लगेच शार्लोट तलावाकडे निघालो. वाट जांभूळ-हिरड्याच्या दाट सावलीतून जाते. आई उत्साहाने चालत होती. तलावाकाठी पिसारनाथाचे दर्शन घेऊन ती पायरीवर टेकली. दहा मिनिटांनी उठली, "डोळ्यांपुढे अंधारी आली रे," म्हणाली आणि माझ्या अंगावर कलंडली.

पिशवी हॉटेलच्या खोलीत होती.

तिला सावलीत आडवे केले, पायांखाली मुलांच्या सॅक ठेवल्या. बोलणे स्पष्ट होते, हातपाय नीट हलत होते, छातीत दुखत नव्हते. नाडी मात्र बारीक आणि जलद, जीभ कोरडी. तिची पाण्याची बाटली पाहिली, तर झाकणाचे सीलही तुटलेले नव्हते.

"आई, पाणी का नाही घेतलंस?"

"अरे, वाटेत बायकांची सोय असेल-नसेल. उगीच तुम्हा सगळ्यांना थांबवायचं कशाला? म्हणून सकाळपासून नाहीच प्यायले."

ती रोज सकाळी जी रक्तदाबाची गोळी घेते, तिच्यात लघवी वाढवणारा घटक आहे. ती गोळी तिने नियमाने घेतली होती. गोळीचा परिणाम, कोरडे पोट, वर भरपेट जेवण (वयात जेवणानंतर रक्तदाब आणखी खाली येतो) आणि बसल्यावर एकदम उठणे, सगळे एकत्र आले. घोटघोट जलसंजीवनी दिली, ती शेजारच्या एका कुटुंबाकडे निघाली. हातरिक्षाने तिला परत आणले. खोलीवर मोजले तेव्हा झोपून वरचा रक्तदाब १२६ होता, उभे राहिल्यावर १००. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत २० किंवा अधिक अंकांची घट म्हणजे तोल जाण्याचा धोका.

२८ वर्षे मी ही गोळी लिहून देत आलो. तिने लघवी जास्त होते, हे प्रत्येकाला सांगितले. प्रवासाच्या दिवशी तुम्ही काय करता, हे मात्र कोणालाही विचारले नाही, आईलाही नाही. परतल्यावर दवाखान्यात विचारू लागलो, तेव्हा अनेक आजींनी मान खाली घालून तेच उत्तर दिले. वयात तहान मुळातच कमी जाणवते, त्यात हा संकोच. सोबत जाणाऱ्यांनी हे आपणहून विचारावे. ज्येष्ठ स्वतः सांगणार नाहीत. गोळी मनाने बंद करू नये, प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. काही वेळा तिची वेळ बदलता येते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे माप ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे.

रात्री भावंडांचे मत पडले की आईने आता खोलीतच थांबावे. मीही मान डोलावली. आई शांतपणे म्हणाली, "तलाव मी आडवं पडून पाहिला. उद्या उभं राहून पाहणार."

तिसऱ्या दिवशी सकाळी, पुरेसे पाणी पिऊन आणि हलका नाश्ता करून आम्ही पुन्हा निघालो. आदल्या दिवशी पुतण्याने वाटेवरची स्वच्छतागृहे पाहून ठेवली होती. कोणी न विचारता त्याने ती आजीला सांगितली. आईच्या हाती काठी होती, कारण चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक जड जातो. मुले पुढे पळत, परत येत. एका जांभळावर शेकरू दिसले आणि सतराही जण पंधरा मिनिटे माना वर करून उभे राहिले. आईला त्या दिवशी कोणाला थांबवावे लागले नाही.

पुढच्या मेळाव्यासाठी धाकट्या भावाने भंडारदऱ्याचे नाव काढले आहे. आईने फोनवर त्याला धरणाविषयी काहीच विचारले नाही. "वाटेत सोय कुठे कुठे आहे, तेवढं आधी बघून ये," म्हणाली.