हॅमरस्मिथचा नदीकांठ

लंडन पाहावयास गेलेला आपल्याकडील प्रवासी बहुधा राजवाडा, पार्लमेंट व ब्रिटिश म्युझियम एवढें पाहून परत फिरतो. पश्चिमेकडील हॅमरस्मिथकडे वाट वांकडी करून जाणारे थोडे. वास्तविक ज्या घरांत ग्रंथांचा व्यासंग आहे, तेथील मंडळींनीं तरी हा नदीकांठ अवश्य पाहावा. स्टेशनापासून थोडें चालत गेलें कीं टेम्स नदीचें पात्र लागतें आणि कांठाकांठानें अप्पर मॉल नांवाचा अरुंद रस्ता सुरू होतो. एका अंगास जुनीं विटांचीं घरें, दुसऱ्या अंगास नदी. समुद्राची भरती-ओहोटी येथवर पोंचते, त्यामुळें सकाळीं भरलेलें पात्र दुपारीं चिखलानें उघडें पडलेलें दिसतें.

येथील २६ क्रमांकाच्या घरांत कवि, समाजवादी व कापडावरील वेलबुट्टीचा विख्यात आरेखक विल्यम मॉरिस हा १८७८ पासून १८९६ मध्यें मृत्यु येईपर्यंत राहत असे. घराचें तळघर व गाडीखाना आतां त्याच्या नांवानें चालणाऱ्या मंडळाकडे असून तेथें त्याचें हातानें दाबण्याचें ‘अल्बियन’ छापयंत्र ठेविलेलें आहे. मॉरिसला मुद्रणाचा ध्यास लागला तो उतारवयांतच. त्याचा शेजारी एमरी वॉकर यानें १५ नोव्हेंबर १८८८ रोजीं एक व्याख्यान दिलें व जुन्या ग्रंथांतील अक्षरें दीपाच्या साह्यानें पडद्यावर मोठीं करून दाखविलीं. मॉरिस तेव्हां ५४ वर्षांचा होता. तीं अक्षरें पाहून आपणहि खिळे पाडावे असें त्याच्या मनानें घेतलें, आणि व्हेनिसचा पंधराव्या शतकांतील मुद्रक निकोलस जेन्सन याचीं अक्षरें फोटोनें मोठीं करून, तीं गिरवून गिरवून, त्यानें आपलें नवें वळण सिद्ध केलें. १८९१ मध्यें जवळच भाड्यानें घेतलेल्या जागेंत त्याचा केल्मस्कॉट छापखाना सुरू झाला.

त्याच्या रचनेचें मर्म एका गोष्टींत आहे. आपण पुस्तकाचें एक पान हा घटक समजतों. मॉरिस म्हणे कीं घटक म्हणजे समोरासमोर उघडलेलीं दोन पानें. त्यामुळें शिवणीकडील समास सर्वांत अरुंद, त्याहून वरचा अधिक, त्याहून बाहेरचा अधिक आणि तळाचा सर्वांत रुंद. मध्ययुगीन ग्रंथांत प्रत्येक समास मागच्याहून शेंकडा २० नें मोठा असे, असें एका ग्रंथपालानें मापून त्यास सांगितलें होतें. वाचकांनीं घरांतील एखादें पुस्तक उघडून पट्टीनें मोजून पाहावें. बहुतेक ठिकाणीं आंतील ओळी शिवणींत बुडालेल्या व तळाचा समास कापून टाकलेला आढळेल. शब्दांमध्यें फार मोकळी जागा सोडणें त्यास मुळींच खपत नसे, कारण अशा पानावर पांढरे ओहोळ वाहूं लागतात. कागद केंट परगण्यांतील एका कारखान्यांतून हातानें बनविलेला येई. शाई जर्मनींतील हॅनोव्हरहून.

वेष्टन मात्र अगदीं साधें. १८९६ मध्यें निघालेला चॉसर कवीचा भव्य ग्रंथ घ्या. त्यांत बर्न-जोन्सचीं ८७ चित्रें आहेत, कागदावरील ४२५ व चर्मपत्रावरील १३ प्रती निघाल्या, आणि कागदी प्रतीची किंमत २० पौंड होती. एवढें असून सर्वसाधारण प्रतीचा पुठ्ठा निळ्या कागदाचा, पाठ जाड्याभरड्या कापडाची! सजावट होती ती आंत. ४८ प्रती तेवढ्या मॉरिसच्याच नक्षीप्रमाणें पांढऱ्या डुकराच्या कातड्यांत बांधण्यांत आल्या. प्रस्तुत लेखकाला स्पष्टच सांगावयाचें तर हा ग्रंथ वाचण्यापेक्षां पाहण्याचा अधिक आहे. वेलींच्या गर्दींत डोळा वारंवार अडतो.

हीच उणीव समोरच्या घरांतील गृहस्थास जाणवली असावी. कॉब्डन-सँडरसन हा मूळचा बॅरिस्टर. चालती वकिली सोडून तो बुकबाइंडर झाला. आपल्याकडे अशा मनुष्यास घरच्या वडील मंडळींनीं काय म्हटलें असतें तें सांगावयास नको. मॉरिसच्या पश्चात्, १९०० मध्यें, त्यानें वॉकरशीं भागीदारी करून डव्हज छापखाना काढला. येथें नक्षी नाहीं, चित्र नाहीं. १९०३ ते १९०५ या काळांत निघालेल्या पंचखंडी बायबलाच्या पहिल्या पृष्ठावर एकच तांबडें आद्याक्षर पानाच्या उंचीनें खालीं उतरलेलें आहे. बाकी सारें काळें व पांढरें. इतकें शांत पान मीं क्वचितच पाहिलें आहे.

परंतु ज्या खिळ्यांतून तें उमटलें त्यांच्यापायींच दोघां मित्रांचें बिनसलें. १९०९ मध्यें भागीदारी मोडली. सँडरसननें हयात असेपर्यंत खिळे वापरावे, मागाहून ते वॉकरकडे जावे, असें ठरलें. पण ते यंत्रावर चालणाऱ्या छापखान्याच्या हातीं पडतील ही कल्पना म्हाताऱ्यास असह्य झाली. १९१३ मध्यें साचे व १९१६ च्या ऑगस्टपासून १९१७ च्या जानेवारीपर्यंत एक टनाहून अधिक वजनाचे खिळे त्यानें रात्रीच्या अंधारांत थोडथोडे नेऊन हॅमरस्मिथच्या पुलावरून नदींत टाकले. तेव्हां तो पंचाहत्तरीच्या पुढें होता. आपल्याकडे जीर्ण पोथी नदीस अर्पण करितात, पण ती आपली असते आणि तिचा उपयोग संपलेला असतो. येथें खिळे धडधाकट होते व दिलेला शब्द शिल्लक होता. सौंदर्याची चाड कितीहि मोठी असली तरी भागीदाराचा वाटा बुडविण्याचा अधिकार तीमुळें येत नाहीं, असें मला वाटतें. १९२२ मध्यें तो वारल्यावर वॉकरला नुकसानभरपाई देण्याचा प्रसंग त्याच्या विधवा पत्नीवर आला.

तो लोखंडी झुलता पूल अजून उभा आहे. २०१९ मध्यें तो मोटारींस बंद झाला. त्यावरून पायीं जातां येतें. २०१४ मध्यें रॉबर्ट ग्रीन या अक्षररचनाकारानें बंदराच्या पाणबुड्यांकडून तळ धुंडाळविला व सुमारें १५० खिळे वर काढले. त्यांतील कांहीं हॅमरस्मिथ टेरेस येथील ७ क्रमांकाच्या, म्हणजे वॉकरच्याच, घरीं ठेविले आहेत. तें घर पाहावयाचें तर वेळ आगाऊ ठरवून जावें लागतें.