सोळा घरांचा ड्रमर

सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये, इतकं सांगायचं साठलंय. हायड्रोजनपासून करते. शाळेच्या प्रयोगशाळेतला नव्हे. हायड्रोजन हे ड्रम लिहायचं सॉफ्टवेअर आहे. अलेस्सांद्रो कोमिनू या इटालियन प्रोग्रामरनं ते सुरू केलं. एक पैसा न मोजता मिळतं आणि लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालतं. उघडलं की डावीकडे वाद्यांची यादी दिसते: किक, स्नेअर, हायहॅट, टॉम, क्रॅश, राइड. उजवीकडे घरं आखलेली. घरात क्लिक केलं की ठिपका पडतो, स्पेसबार दाबला की ठिपका वाजतो. एवढंच! आणि एवढ्यावर मी रात्रीचं जेवण विसरले.

मी संवादिनीवाली बाई. हौशी एकांकिकांना संगीत देते. चाल सुचते, शब्द बसतात, पण ड्रम आले की गाडं अडायचं. ड्रमसेट ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नाही. जागा असती तरी खाली, वर आणि बाजूला माणसं राहतात. स्टुडिओत जायचं तर मोठी खोली हवी, डझनभर माइक हवेत आणि मुख्य म्हणजे ड्रमर हवा, आणि या प्रत्येकाचं बिल वेगळं. मग कीबोर्डवरचं तालाचं बटण दाबायचं आणि शिलाई मशीन चालल्यासारखं जे काही वाजेल ते गोड मानून घ्यायचं. प्रेक्षक बिचारे टाळ्या वाजवतात, पण आपल्याला कळत असतं ना!

तर ती घरं. साध्या चार ठोक्यांच्या बारमध्ये सोळा घरं, चार-चारचे चार गट. तीनताल शिकलेल्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार? फरक इतकाच, की ठोक्याला मात्रा मानलं तर इथलं एक घर म्हणजे पाव मात्रा. पहिल्या, नवव्या आणि अकराव्या घरात किक ठेवा. पाचव्या आणि तेराव्यात स्नेअर. एक सोडून एक घरात बंद हायहॅट. वाजवून बघा. जगातली निम्मी गाणी याच्या आसपास कुठेतरी आहेत. पण अजून ते मशीनच वाटतं, कारण प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा आहे.

आता गंमत. खालच्या पट्टीत प्रत्येक ठिपक्याखाली एक उभी काडी असते. ती म्हणजे आघाताचा जोर. माउसनं ओढून ती खाली-वर करता येते. ठोक्यावरची हायहॅट उंच ठेवा, ठोक्यांच्या मधली बुटकी करा. लगेच हात हलायला लागतो! खराखुरा उजवा हात, मनगटातून वर-खाली होणारा. मग आठव्या आणि दहाव्या घरात आणखी दोन स्नेअर टाका, पण काडी इतकी खाली की ऐकू येतं की नाही अशी शंका यावी. ड्रमर याला घोस्ट नोट म्हणतात. काठी नुसती कातड्यावर टेकवल्यासारखी. एकटी ऐकली तर काहीच नाही, पण काढून टाकली तर ताल पांगळा होतो. आपले तबलजी ठेका भरून वाजवतात तेव्हा मोठ्या बोलांच्या मधली जागा अशीच बारीक बोलांनी जिवंत ठेवतात. इतकी वर्षं तबल्याशेजारी बसून मी ते ऐकत आले, आणि ड्रममध्येही तेच चालतं हे मला ठिपके टाकताना समजलं.

हे कळल्यावर जेम्स ब्राउनचं १९७० सालचं 'फंकी ड्रमर' लावलं. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. हिपहॉपवाल्यांनी याच गाण्यातला त्याचा ड्रमचा तुकडा कापून शेकडो गाण्यांत वापरला. मी आधीही ऐकला होता, पण मला फक्त धाड आणि धाड ऐकू आली होती. या वेळी धाडीच्या मधली सगळी कुजबुज ऐकू आली. डावा हात एक क्षण गप्प बसत नाही! मी गाणं थांबवत, मागे नेत, एकेक बार घरांत उतरवत बसले. लिहायला बसल्याशिवाय कान उघडत नाहीत, हे माझं आता ठाम मत झालंय.

जोर झाला, आता वेळ. हायड्रोजनमध्ये प्रत्येक ठिपका आपल्या घरातून केसभर पुढे किंवा मागे सरकवता येतो. पाचव्या-तेराव्या घरातली स्नेअर किंचित मागे ओढली की गाणं पाठ टेकून बसतं, पुढे ढकलली की घाईला येतं. मिक्सरमध्ये जोर आणि वेळ आपोआप थोडी-थोडी विस्कटून देणारी बटणंही आहेत. ती वापरा, पण त्यांच्या जिवावर विसंबू नका. माणूस वाटेल तसा चुकत नाही, माणसाच्या कमी-जास्त होण्याला कारण असतं. डावा हात उजव्यापेक्षा थोडा दुबळा असतो, जोराच्या ठोक्याआधी काठी उचलायला वेळ लागतो, पल्लवी जवळ आली की अंगात जोर येतो. हे मशीनच्या फाशांवर सोडण्यापेक्षा हातानं लिहिलेलं दहापट चांगलं वाजतं.

आणि सगळ्यात मोठा नियम: ड्रमरला दोन हात आणि दोन पाय. ऐकायला बावळट वाटतं, पण घरं भरताना भान राहत नाही. टॉमवर गडगडाट चालू आहे, त्याच वेळी हायहॅटही टिकटिकतेय, वर क्रॅशही वाजली. मग हा तिसरा हात कुणाचा? खऱ्या ड्रमरला हे ऐकताक्षणी खुपतं. बाकीच्यांना कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं जाणवतं. म्हणून टॉम सुरू झाले की हायहॅट पुसायची. फार तर डाव्या पायाची चिक् ठेवायची. क्रॅश वाजली की तिच्या पोटाखाली बहुतेक वेळा किक असते, नाहीतर ती पोकळ वाटते. उघडलेली हायहॅट बंद झाली की तिचा फवारा तिथल्या तिथे तुटला पाहिजे. हायड्रोजनमध्ये दोन्ही हायहॅट एका गटात टाकल्या की एक दुसरीला गप्प करते. हे करताना मी खुर्चीत बसून हवेत हातपाय मारत होते. घरच्यांनी दार ओढून घेतलं.

बरं, हे झालं ऐकण्यापुरतं. दुसऱ्या माणसाला वाजवायला द्यायचं तर कागद हवा. त्यासाठी म्यूझस्कोअर. तेही मोफत. पाच रेघांवर ड्रम लिहितात तेव्हा सूर नसतो, जागा म्हणजेच वाद्य. किक सगळ्यात खालच्या मोकळ्या जागेत, स्नेअर खालून तिसऱ्या जागेत, टॉम वर-खाली आपापल्या उंचीवर, हायहॅट सगळ्यांच्या डोक्यावर. हातांच्या नोटांची दांडी वर, पायांची खाली. घोस्ट नोट कंसात. उघडी हायहॅट असेल तर वर छोटं वर्तुळ. आणि झांजांच्या जातीचं जे जे असेल त्याला गोल डोक्याऐवजी फुली. इथे मी पहिल्यांदा पार गोंधळले, कारण भातखंडे लिपीत वाढलेल्या डोळ्याला फुली म्हणजे सम! प्रत्येक अर्ध्या ठोक्याला सम येतेय असं वाटून जीव वरखाली व्हायचा. आता सवय झाली. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा एवढा दबदबा होता, तो त्यांना समोर ठेवलेला कागद बघताक्षणी वाजवता यायचा म्हणूनच. पॅरिशच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन शिकलेली माणसं ती. आपण त्या कागदाला इतकी वर्षं उगाच भीत आलो.

ज्यांना माउसचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी लिलीपाँड आहे. त्यात ड्रम चक्क टाइप करायचे. बेस ड्रमसाठी दोन अक्षरं, स्नेअरसाठी दोन, हायहॅटसाठी दोन, पुढे किती वेळाचा ठोका तो आकडा. छापखान्यातून आल्यासारखं सुबक पान बाहेर पडतं. तबल्याच्या वहीत बोल लिहिणाऱ्याला हा प्रकार परका वाटायचा नाही.

आता श्वास घ्या, कारण खरा धक्का पुढे आहे. त्याचं नाव ड्रमगिझ्मो.

म्यूझस्कोअर किंवा हायड्रोजनमधलं लिखाण मिडी म्हणून बाहेर काढता येतं. मिडीमध्ये आवाज नसतोच, नुसत्या सूचना असतात: कुठलं वाद्य, कधी, किती जोरात. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडीच्या यादीत किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१. हे आकडे एव्हाना मला नातेवाइकांच्या फोन नंबरांपेक्षा पाठ आहेत. जोर १ ते १२७. या सूचना ड्रमगिझ्मोच्या हातात द्यायच्या. त्याच्याकडे खऱ्या ड्रमसेटची किट आहेत. एकेका वाद्यावर हळू ते जोरात असे पुष्कळ आघात वाजवून घेतलेले, आणि प्रत्येक आघात खोलीतल्या सगळ्या माइकांनी एकाच वेळी टिपलेला. त्यांच्या डीआरएस किटमध्ये १३ माइकांचे १३ वेगळे ट्रॅक मिळतात: स्नेअरचा वरून आणि खालून, किकचा पुढून आणि मागून, तीन टॉम, हायहॅट, राइड, डोक्यावरचे दोन आणि खोलीचे दोन.

याचा अर्थ लक्षात येतोय का? मी स्नेअर लिहिली तर ती फक्त स्नेअरच्या माइकात येत नाही. ती टॉमच्या माइकात झिरपते, हायहॅटच्या माइकात झिरपते, खोलीच्या माइकात थोडी उशिरा पोहोचते. अगदी स्टुडिओत होतं तसं! आणि एकाच जोराची स्नेअर पुन्हा आली की ते जवळपासच्या जोराचा दुसरा आघात उचलतं, त्यामुळे भराभर ठोक्यांतही तोच आवाज पुन्हा पुन्हा आदळत नाही.

हे सगळं मी आर्डोरमध्ये जोडलं. पॉल डेव्हिसनं सुरू केलेलं हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर वितरणाच्या भांडारातून मोफत उतरवता येतं. विंडोज आणि मॅकसाठी तयार प्रत हवी असेल तर ते थोडे पैसे मागतात, आणि द्यावेत. फेडर वर-खाली करत बसले. खोलीचे दोन माइक बंद केले की ड्रमर कपाटात बसून वाजवतोय. चालू केले की त्याच्याभोवती भिंती उभ्या राहतात. स्नेअरचं कातडं काठीच्या मारानं खाली जातं, म्हणजे वरच्या माइकापासून लांब आणि खालच्याच्या जवळ. म्हणून दोघांच्या लहरी उलट्या पडून एकमेकींना खाऊ शकतात. आर्डोरमध्ये ट्रॅकवर फेज उलटवायचं बटण आहे. खालच्या माइकाचं ते दाबलं आणि स्नेअर एकदम अंगानं भरली. मी ओरडलेच.

तेव्हापासून एकही गाणं सरळ ऐकता आलेलं नाही. पंचमदांची गाणी लावते आणि चाल सोडून हायहॅटच्या मागे धावते. लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ, बुजी लॉर्ड ही नावं जुन्या वादकांच्या गप्पांत नुसती ऐकलेली. या माणसांनी अंगानं किती काम करून ठेवलंय ते आता कुठे समजतंय. मी लिहिलेला ड्रम त्यांच्या जवळपासही जात नाही, आणि ड्रमर मिळत असेल तर आधी ड्रमरच घ्या, माझंही तेच मत. पण मिळत नसेल तेव्हा बटण दाबून गप्प बसायची गरज उरलेली नाही. शिवाय आता ड्रमर आला की त्याच्या हातात कागद देता येतो. 'जरा धमाल वाजव ना' असं म्हणायची वेळ येत नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर हायड्रोजनपासून सुरू करा आणि हेडफोन लावा. लॅपटॉपच्या स्पीकरवर किक ऐकूच येत नाही. ड्रमगिझ्मोचं किट डाउनलोड व्हायला जड आहे, ते रात्री लावून झोपा.

आणि एक विनंती आहे, ढोलकी, ताशा, संबळ वाजवणाऱ्यांना आणि माइक बाळगणाऱ्या त्यांच्या मित्रांना. ड्रमगिझ्मोवरची किट सगळी पाश्चात्त्य ड्रमसेटची आहेत. स्वतःचं किट बनवायचं साधनही तेच लोक मोफत देतात. एखाद्या शांत दुपारी ताशावर हळू ते जोरात असे आघात वाजवा, चार माइकांनी टिपा आणि सगळ्यांसाठी खुलं करा. ठेके लिहायला मी बसलेलीच आहे.