आईच्या डोळ्यांत खुपलेला उजेड

प्रभाकर कंदिलाची जुनी काच मी पॉलिश पेपरने घासली. सगळ्यांत वाईट चूक हीच, म्हणून आधी सांगतो. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांच्या काच कारखान्यात हे कंदील बनत. आजोबांनी घेतलेला आमचा कंदील फुलंब्रीच्या घरी माळ्यावर पडून होता. रॉकेल मिळेनासं झालं आणि तो खाली उतरलाच नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. लाईट गेली की ती मोबाईलच्या बॅटरीवर चाचपडत राहते. म्हणून त्या कंदिलात एलईडी बसवायचं मनावर घेतलं.

पहिल्यापासून माझा रोख फक्त भरपूर उजेडावर होता. 6500 केल्विनचा पांढराशुभ्र, 3 वॅटचा एलईडी वातीच्या जागी उघडाच बसवला. आई म्हणाली, "बाळू, डोळ्यात खुपतंय रे हे." मी म्हणालो, होईल सवय. पुढे एकदा लाईट गेली, तेव्हा ती काही न बोलता कंदिलाकडे पाठ करून भाकरी थापायला बसली. परातीवर तिचीच सावली पडलेली, पीठ नीट दिसत नव्हतं, तरी वळून बसेना. हे बघितल्यावर मला खरंच लाज वाटली.

उजेड खुपण्याचं कारण साधं आहे. कंदिलाची ज्योत रुंद असते, तिचा उजेड पसरट जागेतून येतो. एलईडीचा कण मोहरीएवढा. सगळा झोत तेवढ्या ठिपक्यातून निघतो आणि तो ठिपकाच डोळ्याला बोचतो. शिवाय पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. 6500 च्या दिव्यात निळा अंश बराच उरतो, 2700 चा दिवा पिवळसर, ज्योतीच्या बराच जवळचा.

ठिपका झाकायचा म्हणून काच घासली. ती धुरकट होण्याऐवजी ओरखड्यांनी भरली आणि प्रत्येक ओरखडा वेगळा चमकू लागला. आतून बटर पेपरची गुंडाळी सरकवली असती तरी काम झालं असतं, आणि नको वाटली तर काढताही आली असती. काच मात्र गेली ती गेलीच.

वायरीसाठी टाकीला ड्रिलने भोक पाडलं, तेही टाकी न धुता. आत रॉकेल नव्हतं, पण वास होता; म्हणजे वाफ होती. ठिणगी पडली असती तर काय झालं असतं, हे नंतर सुचलं. साबणाच्या पाण्याने खळखळून धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मगच हात लावायला हवा होता. खरं तर भोकाची गरजच नव्हती. वायर वातीच्या खाचेतून जाते.

आता 2700 केल्विनचा 1 वॅटचा एलईडी बर्नरच्या टोपीत खोल, तोंड वर करून बसवला आहे. वरच्या झाकणाला आतून पांढरा रंग दिलाय; उजेड त्यावर आपटून खाली येतो, एलईडी बाजूने दिसतच नाही. 3.7 व्होल्टचा लिथियम सेल आहे. पूर्ण चार्ज झाल्यावर तो 4.2 पर्यंत जातो, एलईडीला लागतात साधारण 3, म्हणून मध्ये 10 ओहमचा रेझिस्टर. त्यामुळे करंट शंभर मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, एलईडी तापत नाही.

हा उजेड आईला चालतो. कंदील समोर ठेवून ती तांदूळ निवडते. तिची एकच तक्रार उरली आहे: चावी फिरवली तरी दिवा बारीक होत नाही. त्या चावीला रेग्युलेटर कसा जोडायचा, ते सध्या बघतोय. यावेळी टाकीला हात न लावता.