निवेदक वजा केल्यावर

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ (१९८२) विद्यार्थिदशेत पाहिला, तेव्हा दृश्यवैभवाखाली दडपलेली एक सामान्य गुप्तहेरकथा एवढेच त्याचे मोल मी केले होते. त्या संहितेपुरते ते मत आजही बदलावेसे वाटत नाही. अलीकडे निवेदनमीमांसेच्या तासासाठी २००७ची अंतिम आवृत्ती पाहिली, आणि ही कृतीच निराळी असल्याचा प्रत्यय आला.

चाचणी-प्रेक्षकांना कथानक दुर्बोध वाटल्यामुळे १९८२ साली नायक डेकर्डच्या तोंडी प्रथमपुरुषी निवेदन घातले गेले; कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मधील न वापरलेली निसर्गदृश्ये जोडून सुखान्तही साधला गेला. १९९२च्या आवृत्तीत दोन्ही गोष्टी गेल्या.

वरवर पाहता हा केवळ संकलनाचा प्रश्न. परंतु या चित्रपटाचा विषयच स्मृती हा आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या ‘रेप्लिकंट’ रेचलच्या आठवणी दुसऱ्या स्त्रीच्या आहेत. तिच्या हाती पुरावा म्हणून एक छायाचित्र आहे. अशा जगात ‘मी’ म्हणून भूतकाळ सांगणारा निवेदक आपोआपच विशेषाधिकारी ठरतो. त्याच्या आठवणींची शहानिशा कोणी करीत नाही; त्याचा आवाज हाच त्याच्या माणूसपणाचा दाखला. तो आवाज काढून घेतला की डेकर्डजवळ उरतात पियानोवर मांडलेली जुनी छायाचित्रे, म्हणजे रेचलजवळ होते तेवढेच. तो स्वतः रेप्लिकंट आहे काय, या कोड्यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. मला ते कोडे फारसे फलदायी वाटत नाही. दोघांच्या पुराव्याची प्रत एकच आहे, हे पुरेसे अस्वस्थ करणारे आहे.

गॅफ या पोलिसाच्या मिश्र बोलीचेही तसेच. जुन्या प्रतीत निवेदक तिचे घटक तत्काळ फोडून सांगतो. आता ती कानावर आदळते आणि परकीच राहते. (भाषेच्या अध्यापकाला हे अधिक जाणवत असावे.)

आणि रॉय. छतावरच्या पावसात, मरणाच्या उंबरठ्यावर, आपण काय काय पाहिले हे तो मोजक्या वाक्यांत सांगतो. रटगर हाउअर या नटाने तो मजकूर स्वतः काटछाट करून घडवला होता. उसन्या नसलेल्या स्मृतीचे इतके निःशंक प्रथमपुरुषी निवेदन आता चित्रपटात एकच उरते, आणि ते एका रेप्लिकंटचे आहे. १९८२च्या प्रतीत त्याची मान कलते न कलते तोच डेकर्ड त्याच्या कृतीचा अर्थ लावू लागतो. आता डेकर्ड नुसता पाहत राहतो, आणि पाऊस पडत असतो.