कोणती फिल्म घ्यावी?

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असतांना कृष्णधवल फिल्मची निवड हा विषय कांहीं वाचकांस शिळा वाटेल. परंतु ज्या रोलांत छत्तीसच चित्रें निघतात, तो विकत घेण्यापूर्वीं विचार करावाच लागतो.

आमच्या थोरल्या काकूंचें छायाचित्र काढावयाचें ठरलें, तेव्हां हा विचार आम्हांस घरांतच करावा लागला. त्यांनीं नव्वदी ओलांडली आहे. माजघर सोडून त्या बाहेर बसत नाहींत, आणि फ्लॅशच्या लखलखाटानें त्यांचे डोळे मिटतात.

थोरल्या काकांचा आग्रह इल्फर्डच्या ऑर्थो प्लस फिल्मचा. जुन्या काळच्या काचा तांबड्या रंगास जवळजवळ आंधळ्या असत. म्हणून त्या तसबिरींतील बायकांचें कुंकू काळेंभोर उमटलेलें दिसतें. ऑर्थो प्लस त्याच जातीची. पॅन्क्रोमॅटिक फिल्म सर्व रंग पाहते, त्यामुळें कुंकू करडें होऊन कपाळाशीं मिसळूं पाहतें. धाकट्या बंधूंस त्याच कंपनीची एफपी फोर प्लस हवी होती; तिचे कण बारीक, मोठी प्रतही स्वच्छ निघते.

पण प्रकाशाचा हिशेब निराळा. रौप्यक्षाराचे कण मोठे असले कीं थोड्या उजेडांत काम भागतें. मात्र चित्र रवाळ येतें. माजघरांत भिंग पुरतें उघडून ४०० वेगाच्या एचपी फाइव्ह प्लसला सेकंदाचा तिसावा भाग पुरे होता. १२५ वेगाच्या एफपी फोरला सुमारें दहावा भाग लागला असता, आणि ८० वेगाच्या ऑर्थोला सहावा. कॅमेरा तिपाईवर ठेवतां येतो. परंतु काकूंची मान सतत थोडी हलते, तिला आधार कशाचा देणार?

हें ऐकून काका कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कुंकू फिकें आलें तरी चालेल. हिचा चेहरा पुसट नको.”

आम्हीं एचपी फाइव्ह आणली. कोडॅकची ट्राय-एक्स घेतली असती तरी वेग तोच मिळता. दोहोंपैकीं दुकानांत जी सहज मिळेल ती घ्यावी. छाप कोणताही असो, ज्या खोलींत चित्र काढावयाचें तेथील उजेड, आणि समोरच्या माणसाला किती वेळ स्थिर बसवेल, हें आधीं पाहावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.