वेणी

परवा शेजारची सून दारात येऊन बसली. वय 47. म्हणाली, "बाई, मला झालंय तरी काय? मुलगा पास झाला, सगळे पेढे वाटतायत आणि मला आनंदच होत नाही!"

मी एकदम 2000 सालात गेले. तेव्हा मी 48 ची होते. पाळीचा नेम राहिला नव्हता, रात्री घामाने उशी भिजायची. ते निदान सांगता येत होतं. पण वर्गात कविता शिकवताना यायचा तो उमाळा आटला होता, हे कुणाला सांगणार? नारळी पौर्णिमेला आमचं मच्छीमार नगर नटूनथटून समुद्रावर निघालं आणि मी डोकं दुखतंय सांगून घरात बसले.

आईने विचारलं, "आज वेणी नाही माळलीस?" मला रडूच फुटलं. मग ती हळूच म्हणाली, "मलापण असंच झालेलं. दोन वर्षं कशातच मन नव्हतं. पण टोपली घेऊन ससून डॉकला जावंच लागायचं."

त्या दोन वर्षांत मी बी.ए. होऊन नुकती नोकरीला लागले होते. "आई, किती चिडतेस गं!" एवढंच तिला म्हणत असे...

पुढे डॉक्टरीणबाईंनी समजावलं. इस्ट्रोजेन कमी-जास्त होतं, त्याने झोप बिघडते, मनही बिघडतं. बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं, पण मनाचा त्रास त्याआधीच सुरू होऊ शकतो. त्यांनी थायरॉईडही तपासलं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर हार्मोनच्या गोळ्यांची फार धास्ती बसली होती. आता वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर काहीजणींना त्या देतात. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर मात्र अंगावर काढू नये.

माझा आनंद काही एका दिवसात परतला नाही. संध्याकाळी एका मैत्रिणीबरोबर चालायला जायचे, बोलायचे, कधी रडायचे. मग एका सकाळी तव्यावरच्या बोंबलाचा वास बरा वाटला. एवढंच! पण सुरुवात तीच होती.

शेजारच्या सुनेला हे सगळं सांगितलं. "म्हणजे मी वाईट आई नाही ना?" तिने विचारलं. अगं, नाही गं बाई!

उद्या तिच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे. आईबरोबर जायचं राहून गेलं. येताना दोन वेण्या घेईन म्हणते. तिने माळली तर माळली, नाहीतर असू दे उशाशी.