फटफटीची पन्नाशी

'फटफटी' हा शब्द मराठीने कोणत्याही कोशकाराला न विचारता घडवला. 'मोटारसायकल' कागदोपत्री राहिली आणि कानाला जो आवाज आला तोच लोकांनी यंत्राला नाव म्हणून देऊन टाकला. आता रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या फटफटत नाहीत, गुणगुणत निघून जातात. शब्दाला जागणारी जात पाहायची असेल तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जुन्या जावा-येझदीवाल्यांना गाठावे. ठिकठिकाणच्या शहरांत त्यांचा तो सणाचा दिवस असतो.

२०२५ साली पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेल्या अशाच एका मंडळीत, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मागे बसून, मीही सामील झालो. गाडी त्याच्या वडिलांची, १९७४ ची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाची जावा येथे बनवायला घेतली. १९७३ पासून गाडीला येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागले. चेक भाषेत याच उच्चाराच्या क्रियापदाचा अर्थ 'तो स्वार होऊन जातो' असा आहे. कारखाना गेला, क्रियापद राहिले!

पौड मागे पडले आणि मुळशीचे पाणी दिसू लागले. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला त्याच धरणाचे हे पाणी. मावळातली गावे त्याखाली गेली. फटफटीवर बसून हे आठवावे हे विचित्र खरे, पण मागे बसणाऱ्याला दुसरा उद्योग काय?

घाटाच्या अलीकडे एका टपरीपाशी गाड्या थांबल्या. चहा आला, कांदाभजी आली आणि गप्पांना तोंड फुटले. मौज अशी की, आपण किती वेगाने आलो हे एकानेही सांगितले नाही. जो तो सांगत होता तो आपण कोठे बंद पडलो ते! एकाचा प्लग कशेडीत काळा पडला, तो त्याने काड्यापेटीच्या कडेवर घासून साफ केला. दुसऱ्याची क्लचची केबल वरंध्यात तुटली, तरी गडी गाडी चालवत भोरपर्यंत आला. या गाडीत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, आणि तोच दांडा वर फिरवला की किक होते. एका दांड्यात दोन संसार. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की, केबल तुटली नसती तर सहलच फुकट गेली असती असे वाटावे.

या मंडळींच्या मधोमध सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री बसले होते. पेठेत त्यांचे छोटे गॅरेज आहे. इंजिनाला पेचकसाचे टोक लावायचे, मूठ कानाशी धरायची आणि दुखणे सांगायचे, ही त्यांची ख्याती. हाताखाली पोरगा टिकत नाही, एवढी एकच तक्रार त्यांनी केली, तीही भजी खाता खाता. ऐकणारे मात्र क्षणभर गप्प झाले. त्यातल्या निम्म्या गाड्या त्यांच्याच कानांवर चालत होत्या.

मग माझ्या विद्यार्थ्याने आपला प्रश्न काढला. पन्नास वर्षे पुरी केलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय २०२१ च्या नियमांनी झाली आहे. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, आणि गाडी मूळ रूपात असली पाहिजे ही अट. मान मोठा. पण त्या गाडीने रोजच्या कामासाठी रस्त्यावर यायचे नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतेच बाहेर पडायचे.

"सर, बाबा हिच्यावरून तीस वर्षं ऑफिसला गेले. आता किक बसत नाही त्यांच्यानं, पण मी भाजी आणायला हीच काढली की गॅलरीत येऊन उभे राहतात."

"मग नोंदवतोस कशाला?"

"पुढं हिला भंगार म्हणू नये कुणी."

मिस्त्री एवढेच म्हणाले, "उभी राहिली की आतून गंजते रे बाबा. कागद आतलं बघत नाही."

यावर बराच खल झाला. निकाल लागला नाही.

घाट उतरताना मला एक गोष्ट उमगली. उतार असूनही माझा सारथी मधूनमधून रेस देत होता. विचारले तेव्हा म्हणाला, या इंजिनाला तेल मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेले. रेस पार सोडून गाडी नुसती गिअरवर उतरवली तर पेट्रोल तुटते, त्याबरोबर तेलही, आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. ओल्या वळणावर मागचे चाक अडले तर काय होईल ते सांगायला नको. "हे बाबांनी शिकवलं," तो म्हणाला, "आणि त्यांना या मिस्त्रीकाकांनी."

विळ्याला पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. मिस्त्रींनी ओंजळीतले पाणी इंजिनावर शिंपडले. चुर्र झाले.

"दहा मिनिटं निवू दे," ते म्हणाले, "मग वर चढू."